सगळ्या प्रश्नांना हो

तेवीस मिनिटांत चौकशी आटोपली म्हणून ताईचं छापखान्यात कौतुक झालं होतं.

तिचं काम कर्मचारी विभागातलं. नोकरीला लागली तेव्हा त्या विभागात तीच सगळ्यांत लहान. कुणीतरी थट्टेने ताई म्हणायला लागलं आणि ते चौदा वर्षं चिकटून राहिलं. बापाच्या वयाची माणसंसुद्धा "ताई, एवढं माझं रजेचं बघा हो" म्हणत तिच्या टेबलाशी येऊन उभी राहायची. तिला ते आवडायचं. आपल्यापाशी माणसं मोकळी होतात, असं ती घरी नवऱ्याला अभिमानाने सांगायची.

छापखाना औषधांची लेबलं छापायचा. एक आकडा चुकला तरी जिवाशी खेळ, म्हणून तिथे एक पक्का नियम होता. मशीनमधून बाहेर पडलेला पहिला कागद तपासनिसाकडे न्यायचा, त्याने तो मंजूर नमुन्याशी ताडून बघायचा, वहीत सही करायची, आणि मगच पुढची छपाई. मशीन मध्ये थांबवून पुन्हा सुरू केलं, की पुन्हा पहिला कागद आणि पुन्हा सही. तपासनीस होते भिंगकाका. उंच, किडकिडीत माणूस, सदऱ्याच्या खिशात कायम एक भिंग. बोलणं मोजकं. जेवणाच्या सुट्टीत डब्याला गुंडाळून आलेलं कालचं वर्तमानपत्रसुद्धा ते पेन्सिलीने खुणा करत वाचायचे, यावरून सगळे त्यांची चेष्टा करायचे आणि ते हसून मान हलवायचे.

तर एकदा लहान मुलांच्या तापाच्या औषधाची लेबलं चुकली. मात्रा अडीच मिलीच्या जागी पाच मिली छापली गेली. नशीब एवढंच, की चूक औषध कंपनीच्या गोदामातच लक्षात आली, एकही बाटली बाहेर पडली नव्हती. पण कंपनीने छापखान्याला चांगलंच फैलावर घेतलं. जबाबदार कोण, ते तीन दिवसांत कळवा, म्हणाले. त्या दिवशी दुपारी प्लेट बदलायला मशीन थांबलं होतं, चूक त्यानंतरच्या कागदांत होती. मशीन चालवणारा म्हणाला, "मी कागद काकांना दाखवला. ते म्हणाले, ठीक आहे. वहीत सही तेवढी राहिली."

मोठ्या साहेबांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं. "ही चौकशी तुम्हीच करा. भरवसा टाकावा असं दुसरं कुणी नाही माझ्याकडे. शुक्रवारी पाचच्या आत अहवाल माझ्या टेबलावर हवा." विभागप्रमुखाची खुर्ची पुढच्या महिन्यात रिकामी होणार होती. साहेबांनी तो विषय काढला नाही, ताईनेही काढला नाही. दोघांच्याही मनात तो होता.

शुक्रवारी दुपारी भिंगकाका चौकशीच्या खोलीत आले, बसले, आणि त्यांनी सगळं कबूल केलं. निदान कागदावर तसं झालं. एकोणीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. बडतर्फ करण्याऐवजी त्यांच्याकडून राजीनामा घेतला गेला, आणि हा आपला चांगुलपणा आहे असं सगळ्यांना वाटलं. ताईलाही वाटलं. पुढच्या महिन्यात ती विभागप्रमुख झाली.

या गोष्टीला आठ महिने झाले आणि विभागात तीन नवी माणसं आली. चौकशी करताना, मुलाखत घेताना प्रश्न कसे विचारायचे, हे त्यांना शिकवायचं काम साहेबांनी ताईवर सोपवलं. "तुमचीच एखादी चौकशी ऐकवा त्यांना. ती तेवीस मिनिटांची ऐकवा की." प्रत्येक चौकशी रेकॉर्ड करून ठेवायचा नियम होता. ताईने ते रेकॉर्डिंग शोधून काढलं. स्वतः आधी ऐकून बघायची तसदी घेतली नाही. काय आहे त्यात, हे तिला ठाऊकच होतं.

सकाळचे अकरा. टेबलाभोवती तिघं वह्या उघडून बसलेली. दोन मुलगे, आणि एक बारीक चणीची मुलगी, जिला पहिल्या दिवसापासून सगळे छोटी म्हणायला लागले होते. ताईने आधी दहा मिनिटं समजावून सांगितलं. समोरच्याला आधी सैल होऊ द्यावं. सोप्या प्रश्नापासून सुरुवात करावी. चहापाणी विचारावं. मग तिने रेकॉर्डिंग लावलं.

"या काका, बसा. चहा घेणार की पाणी?" स्पीकरमधून ताईचाच आवाज आला, जरा दबका.

"हो."

दोघं मुलगे हसले. ताईही हसली. "बघा, किती घाबरलेत ते. अशा वेळी आपण शांत राहायचं."

"काका, किती वर्षं झाली तुम्हाला इथे?"

"हो."

"एकोणीस ना?"

"हो."

रेकॉर्डिंग पुढे चालू राहिलं. मागे एक सलग घरघर ऐकू येत होती. त्या खोलीतला जुना कूलर होता तो. "दुपारी मशीन परत सुरू झालं तेव्हा पहिला कागद तुमच्याकडे आला होता ना?" हो. "तुम्ही तो बघितलात ना?" हो. "म्हणजे आकडा नजरेतून सुटला असं म्हणायचं का?" हो. "कामाचा ताण होता का त्या दिवशी?" हो. "कुणाचा दबाव वगैरे नव्हता ना?" हो.

छोटीने हळूच हात वर केला. "ताई, एक विचारू? किती वर्षं झाली, याला कुणी हो कसं म्हणेल?"

"सांगितलं ना, घाबरलेली असतात माणसं."

"पण दबाव नव्हता ना, यालाही हो, आणि ताण होता का, यालाही हो. सगळ्यालाच हो म्हणतायत ते." छोटी जरा अडखळली. "माझे आजोबा असंच करायचे. ऐकू आलं नाही की हो म्हणायचे. आम्ही मुद्दाम विचारायचो, आजोबा, तुम्ही हत्ती आहात का? तर म्हणायचे, हो."

पुन्हा दोघं मुलगे हसले. या वेळी ताई हसली नाही. "पुढे ऐका," ती म्हणाली, आणि ते किती कडक आवाजात म्हटलं हे तिचं तिलाच जाणवलं. पाच मिनिटांनी फोनचं निमित्त काढून तिने रेकॉर्डिंग बंद केलं आणि वर्ग दुपारनंतर घेऊ म्हणून सांगितलं. दुपारनंतर तो घेतला नाही.

जेवणाच्या सुट्टीत खोलीचं दार लावून ती एकटीने ते पहिल्यापासून ऐकायला बसली. कागदावर रेघा ओढत गेली. एकेचाळीस प्रश्न. अडतीस वेळा हो. तीनदा बरोबर. काकांचं एकही पूर्ण वाक्य नव्हतं. तेवीस मिनिटं ताईच बोलत होती. गोष्ट तिने सांगितली होती, आणि खाली नाव काकांचं होतं.

मग एकेक आठवायला लागलं. त्या दिवशी तिला सर्दी होती म्हणून तोंडावर मास्क होता. काका बसल्या बसल्या खुर्ची पुढे ओढत होते, पुन्हा पुन्हा, आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. तेव्हा तिला वाटलं होतं, दया यावी म्हणून चाललंय हे. एकदा त्यांनी कूलरकडे बोटही दाखवलं होतं. ती म्हणाली होती, "हो ना, फार उकडतंय," आणि कूलर आणखी वाढवला होता.

आणि किती वर्षं झाली, याला 'हो' आलं तेव्हा तिच्या मनात काहीतरी खटकलं होतं. हे ती नाकारू शकत नव्हती. खटकलं होतं, आणि तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं. साडेतीन वाजले होते.

याहून वाईट एक गोष्ट होती, जी रेकॉर्डिंगमध्येही नव्हती. जबाब टाइप करून, माणसाला वाचायला देऊन मग सही घ्यायची असते. त्या दिवशी टाइप करणारी मुलगी जागेवर नव्हती. ताईने कोऱ्या कागदाच्या तळाशी बोट ठेवून खुणेने सही मागितली होती. काकांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि सही केली. आयुष्यभर कागद वाचल्याशिवाय ज्यांनी सही केली नाही, त्यांनी केली. समोर ताई होती म्हणून केली.

दोन दिवस तिने काहीच केलं नाही. घरी ताट तसंच सारलं, नवऱ्याला पित्त झालंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती रेकॉर्डिंग पुसून टाकायच्या बेतात होती. बोट बटणावर होतं. समोरच्या पडद्यावर 'नक्की पुसायचं का?' असा प्रश्न आला, आणि तिला त्याला 'हो' म्हणवेना. ती उठली आणि थेट पॅकिंग खात्यात गेली.

तिथली मावशी काकांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं डबा खात आलेली. लेबलांच्या गठ्ठ्यांना कागदी पट्ट्या लावता लावता तिने ताईकडे नुसती नजर टाकली.

"मावशी, काकांना ऐकायला कमी येत होतं का?"

"कमी? डावा कान पार गेलेला. उजव्याने आपलं निभवायचे. तपासणीला यायच्या आधी सात-आठ वर्षं मशीनवरच होते ना, तिथेच गेले कान. तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचे."

"मग कुणी बोललं का नाही मला? सगळं झालं तेव्हा?"

मावशीने पट्टी घट्ट ओढली. "तुम्ही कुणाला विचारलंत?"

मावशीच पुढे म्हणाली, "त्यांनीच सांगितलं होतं, कुणाला बोलू नका. कान गेले कळलं की घरी बसवतील. लपवायचे बिचारे. आणि आम्हाला तरी काय ठाऊक, आत खोलीत काय झालं ते? बाहेर आले ते म्हणाले, बोलणं झालं, ताईच होत्या, काळजीचं काही नाही."

ताईच होत्या. पायऱ्या चढून आपल्या खोलीत येईपर्यंत ते दोन शब्द तिच्या कानात वाजत राहिले.

रविवारी सकाळी ती काकांच्या घरी गेली. पत्ता फायलीतून काढला होता. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार काकूंनी उघडलं. त्यांनी तिला आधी कधी बघितलं नव्हतं, पण छापखान्यातून आले म्हटल्यावर चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "या," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून घेतले.

काका खिडकीपाशी बसून लाकडाच्या लहान लहान पाट्यांवर रंगाने नावं लिहीत होते. ते आता एका रोपवाटिकेत काम करायचे, झाडांच्या नावाच्या पाट्या घरी आणून लिहायचे. उजव्या कानात नवं यंत्र होतं. ताईला बघून ते उठून उभे राहिले, जुन्या सवयीने.

ती त्यांच्यासमोर बसली. खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर येईल अशी बसली.

"काका, त्या दिवशी मी खोलीत जे विचारलं, ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

काकांनी काकूंकडे बघितलं. मग हातातला कुंचला पाण्यात ठेवला. "थोडं थोडं. तुमचा आवाज येत होता. शब्द लागत नव्हते."

"मग हो का म्हणालात?"

"तुम्ही मान हलवत होता ना, म्हणून. वाटलं, बरोबरच असेल." ते थोडं थांबले. "ऐकू येत नाही म्हटलं असतं, तर त्यावरूनच घरी पाठवलं असतं. ती भीती होती."

"मी काय विचारत होते, ते कळलं होतं का?"

"नंतर कळलं. राजीनाम्याच्या दिवशी साहेबांनी जबाब दाखवला, तेव्हा. कागद माझ्याकडे आला, मी बघितला, आकडा सुटला. खाली माझीच सही." ते अगदी सहज सांगत होते, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. "मला काही तो कागद आठवेना. पण म्हटलं, सही आहे, ताईंनी लिहिलंय, म्हणजे झालं असणार. आपल्या लक्षातून गेलं असेल. वय झालं."

"काका, तो कागद तुमच्याकडे आलाच नसेल."

त्यांनी कानातलं यंत्र बोटाने नीट केलं. "काय म्हणालात?"

तिने ते पुन्हा सांगितलं. अडीचच्या सुमारास मशीन परत सुरू झालं तिथपासून, प्रश्न तिने कसे विचारले, उत्तरं तिनेच कशी घातली, जबाब सहीनंतर कसा टाइप झाला, सगळं सांगितलं. मध्ये एकदा तिचा आवाज चिरकला, तर काका म्हणाले, "सावकाश बोला, मला लागत नाही मग." म्हणून तिला रडतासुद्धा आलं नाही. प्रत्येक शब्द स्वच्छ, सुटा उच्चारावा लागला.

सांगून झाल्यावर काकू म्हणाल्या, "दोनदा डोळे तपासून आलेत हे. दोनदा. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. तरी यांचा विश्वास बसेना. वाचणं सोडलं यांनी. पेपर बंद केला. पाटी लिहिली की मला वाचायला लावतात, अक्षर चुकलं नाही ना बघ म्हणून. मला! मी चौथी शिकलेली."

काका टेबलावरची एक पाटी हातात घेऊन बघत होते. "आलाच नव्हता," ते स्वतःशीच म्हणाले. मग ताईकडे वळले. "अडीचला मी कुठे होतो माहीत आहे का? मागच्या इमारतीत, माहितीपत्रकांच्या खात्यात. त्यांचा माणूस रजेवर होता, म्हणून मला बोलावलं होतं. तिथल्या वहीत माझी सही असेल. वेळ घालून सही करतो मी."

ती वही कुणी उघडलीच नव्हती. कबुली हातात आल्यावर कशाला कुणी उघडेल?

"मी उद्या साहेबांना सांगते," ताई म्हणाली. "काका, मला माफ..."

"पाणी घ्या," काकू मध्येच म्हणाल्या आणि पेला पुढे केला. ती ते पाणी प्यायली. माफीचं बोलणं तिथेच राहिलं.

सोमवारी तिने आधी माहितीपत्रकांच्या खात्यातली वही बघितली. त्या तारखेला काकांच्या रेखीव अक्षरात दोन सह्या होत्या, दोन दहाची आणि तीन पाचची. मशीन पुन्हा सुरू झालं होतं दोन पस्तीसला. वही काखेत मारून ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले. "झालं ते झालं. आता उकरून काय मिळणार? जबाबावर सही आहे ना त्यांची? आपण त्यावर विसंबलो. आपली चूक कुठे?"

"सही कोऱ्या कागदावर घेतली होती मी."

साहेब सरळ बसले. उठून त्यांनी केबिनचं आधीच लागलेलं दार पुन्हा ओढून बघितलं. "हे मला कशाला सांगताय?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणजे आता मला हे माहीत नाही असं म्हणता येणार नाही."

"म्हणूनच सांगतेय."

साहेब बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसले. दुसऱ्या दिवशी चौकशी पुन्हा उघडली गेली. बाहेरून एक निवृत्त अधिकारी बोलावले, त्यांच्या मदतीला छोटी. ताईने त्यात पडायचं नाही, काकांना भेटायचं नाही, आणि बोलावतील तेव्हा हजर व्हायचं.

काका आले त्या दिवशी छोटीने कूलर बंद करून खिडक्या उघडल्या होत्या. प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे ठेवले होते. ताईला हे मावशीकडून कळलं. आत दीड तास लागला. तेवढा वेळ ताई आपल्या टेबलाशी एकच पत्र पुन्हा पुन्हा वाचत होती.

दुसऱ्या दिवशी तिची पाळी आली. तीच खोली, पण खुर्ची समोरची. चौदा वर्षांत ती त्या बाजूला कधी बसली नव्हती. त्या बाजूने उजेड सरळ डोळ्यांवर येतो आणि समोरच्यांचे चेहरे काळसर दिसतात, हे तिला आज कळलं.

अधिकाऱ्यांनी छोटीला मानेनेच खूण केली. छोटीने वही उघडली. "ताई, त्या शुक्रवारी काय काय झालं, ते पहिल्यापासून तुमच्या शब्दांत सांगा. घाई नाही."

बस, एवढंच. पुढे कसला आधार नाही, 'असंच झालं ना?' नाही. ताईला वाटलं होतं, अधिकारी विचारतील, कामाचा फार ताण होता ना? वेळ कमी होता ना? आणि ती हो म्हणेल. तिच्याजवळ ते हो तयार होतं. पण कुणी ते मागितलंच नाही. छोटी पेन खाली ठेवून थांबली होती.

"अहवाल पाचच्या आत हवा होता," ताईने सुरुवात केली, आणि थांबली. "नाही. ते कारण नाही. साहेबांनी मुदत दिली होती, पण मी मागितली असती तर वाढवून मिळाली असती. मला मागायची नव्हती. मला दाखवायचं होतं, की मी झटपट काम करते." ते तोंडातून बाहेर पडल्यावर उरलेलं सांगायला सोपं गेलं. पहिल्या उत्तरालाच खटकलं होतं, हे सांगितलं. घड्याळाकडे बघितलं, तेही सांगितलं. कोऱ्या कागदाचं सांगताना छोटीचं पेन क्षणभर अडलं, मग पुन्हा चालू लागलं.

शेवटी अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला. "त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं, वरच्या हुद्द्याचं, तरी कोऱ्या कागदावर सही मागितली असती का तुम्ही?"

"नाही," ताई म्हणाली. या खोलीत इतकं छोटं आणि इतकं खरं उत्तर तिने याआधी ऐकलं नव्हतं.

टाइप झालेला जबाब छोटीने तिच्यापुढे ठेवला. "वाचून घ्या. काही चुकलं असेल तर सांगा." ताईने तो अक्षर न् अक्षर वाचला आणि सही केली.

मशीन चालवणाऱ्याला वही दाखवल्यावर तो फार काळ टिकला नाही. काका जागेवर नव्हते, माल त्याच दिवशी जायचा होता, म्हणून त्याने तसंच मशीन सोडलं होतं. त्याला तीन महिने कामावरून दूर केलं. ताईचं विभागप्रमुखपद गेलं, आणि दोन वर्षं तिने कुठलीही चौकशी करायची नाही असं ठरलं. साहेबांना काही झालं नाही. काकांना परत कामावर यायला सांगितलं. त्यांनी चिठ्ठी पाठवली, की मशीनच्या आवाजात आता नको, उरलंय तेवढं ऐकणं जपायला डॉक्टरांनी सांगितलंय, मात्र माझ्यावरचा ठपका पुसला असं लेखी द्या.

ते पत्र द्यायला ताई स्वतः गेली. कुणी सांगितलं नव्हतं, साहेबांनी तर टपालाने पाठवा म्हटलं होतं.

काका दारातच उभे राहून पत्र वाचायला लागले. सावकाश, बोट ओळीखाली धरून. मग आत जाऊन पेन्सिल घेऊन आले आणि एका ओळीखाली रेघ मारली. "तांत्रिक कारणांमुळे गैरसमज झाला," त्यांनी मोठ्याने वाचलं. "कुठलं तांत्रिक कारण?"

ताईला तोंड वर करून बघवेना. मजकूर साहेबांनी घातला होता, आणि तिने तो वाचूनही तसाच आणला होता.

"झालं काय ते लिहा," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. चुकलेला छापील कागद मशीनकडे परत पाठवावा, तसा त्यांनी तो तिच्या हातात दिला.

साहेब वैतागले, छापखान्याची अब्रू वगैरे बोलले. ताई टेबलाशी उभीच राहिली, हलली नाही. तीन दिवसांनी नवं पत्र तयार झालं. त्यात लिहिलं होतं, की कागद तपासनिसांकडे आलाच नव्हता, त्यांना प्रश्न ऐकू येत नसताना त्यांचा जबाब घेतला गेला, आणि जबाबाचा मजकूर सहीनंतर लिहिला गेला.

ती पुन्हा तीन जिने चढून गेली. काका घरी नव्हते. काकूंनी पाकीट घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं.

"ते आले की वाचतील," त्या म्हणाल्या.

"काही चुकलं असेल तर कळवा. मी पुन्हा करून आणीन."

"बरं."

ताई क्षणभर तशीच उभी राहिली. काकूंनी या वेळी 'या' म्हटलं नाही. त्यांनी दार हळूच लोटलं, आपटलं नाही. आतून कडी लागल्याचा आवाज आला, मग ताई जिना उतरू लागली.